परवडणारी थर्ड पार्टी टेलिफोटो झूम लेन्स निवडताना

थर्ड पार्टी म्हणजे कॅमेरा कंपनीने नाही, तर सिग्मा, टॅमरॉनसारख्या दुसऱ्या कंपनीने बनवलेली लेन्स. टेलिफोटो झूम लेन्स बहुतेक वेळा तिच्या शेवटच्या टोकालाच वापरली जाते. हातात १५०-६०० मिमी फोकल लेंथची (हा आकडा जितका मोठा तितका विषय मोठा दिसतो) असली की समोर पक्षी दिसताच रिंग ६००वर जाते, ७०-३०० असली तर ३००वर. म्हणून लेन्स कशी आहे हे त्याच टोकाला, अ‍ॅपर्चर (प्रकाश आत सोडणारं छिद्र; एफ/ पुढचा आकडा जितका लहान तितकं ते मोठं) पूर्ण उघडं ठेवून पाहायचं. मधल्या टप्प्यावर जवळजवळ सगळ्याच झूम बरा फोटो देतात. स्वस्त लेन्स बनवताना केलेली काटकसर टोकाला उघडी पडते. हा एक निकष घट्ट धरला तर बऱ्याच लेन्स यादीतून आपोआप गळतात आणि पैसे कुठे घालायचे ते लवकर कळतं.

किती मिलिमीटर लागतील?

याचं उत्तर अंदाजाने देण्यापेक्षा गणित करा, सोपं आहे. विषयाची लांबी गुणिले फोकल लेंथ, भागिले अंतर. तिन्ही आकडे मिलिमीटरमध्ये घ्या. जे उत्तर येईल तेवढी विषयाची प्रतिमा सेन्सरवर पडते.

चिमणीएवढा, १५ सेंटिमीटरचा पक्षी १० मीटरवर बसलाय असं धरा. ३०० मिमीला त्याची प्रतिमा ४.५ मिमी होते, ४००ला ६ मिमी आणि ६००ला ९ मिमी. क्रॉप सेन्सर, म्हणजे ३६ मिमी रुंदीच्या फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सर, साधारण २३.५ मिमी रुंद असतो. कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा असेल तर एका मिलिमीटरवर २५५ पिक्सेल बसतात. म्हणजे तोच पक्षी ३००ला साधारण ११५० पिक्सेल लांब दिसेल आणि ६००ला २३०० पिक्सेल. २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेमवर हे आकडे ७५० आणि १५०० होतात. पक्षी २० मीटरवर गेला की सगळं निम्मं. ११५० पिक्सेलचा पक्षी स्क्रीनवर पाहायला पुरतो, मोठा प्रिंट काढायला अपुरा पडतो.

मैदानी खेळांचं गणित वेगळं निघतं. १.७ मीटर उंचीचा खेळाडू ६० मीटरवर असेल तर ३०० मिमीला त्याची प्रतिमा ८.५ मिमी पडते. क्रॉप सेन्सरची उंची १५.६ मिमी, म्हणजे आडव्या फ्रेमची निम्म्याहून जास्त उंची त्याने व्यापली. तिथे ६००ची गरज नाही. चंद्रासाठी फोकल लेंथला ११० ने भागायचं: ३००ला २.७ मिमी, ६००ला साडेपाच मिमीच्या आसपास.

पुढच्या आकड्याचा मोह आवरायलाही हे गणित कामी येतं. ३०० वरून ४००ला गेलात तर विषय ३३ टक्के मोठा दिसतो आणि क्षेत्रफळात ७८ टक्के जास्त जागा व्यापतो. हा फरक डोळ्यांना स्पष्ट दिसतो. ५०० आणि ६०० मधला फरक फक्त २० टक्के आहे. ५००ची लेन्स हलकी आणि टोकाला जास्त धारदार असेल तर त्या २० टक्क्यांसाठी ६००च्या मागे लागू नये. धारदार फोटो कापून मोठा करता येतो, मऊ फोटो मोठा केला की मऊपणाच मोठा होतो.

कोणत्या वर्गात थर्ड पार्टी खरंच परवडते?

७०-३००च्या वर्गात थर्ड पार्टी लेन्स घेऊन फारसा फायदा होत नाही. इथे कॅमेरा कंपन्यांच्या स्वतःच्या साध्या लेन्स फार चांगल्या आहेत. कॅननची ईएफ-एस ५५-२५० आयएस एसटीएम किंवा निकॉनची एएफ-पी डीएक्स ७०-३०० व्हीआर वजनाला अर्धा किलोही भरत नाही, स्टॅबिलायझेशन (हाताचा कंप आवरणारी सोय) आहे, फोकस जलद आणि शांत आहे. निकॉनच्या त्या लेन्सची व्हीआर, म्हणजे स्टॅबिलायझेशन, नसलेली आवृत्तीही मिळते, ती टाळा. जुन्या निकॉन बॉडीवर (कॅमेऱ्यावर) एएफ-पी लेन्स चालत नाहीत, तेही आधी तपासा.

याच वर्गात सिग्मा आणि टॅमरॉनच्या जुन्या ७०-३०० एफ/४-५.६ मॅक्रो लेन्स अगदी स्वस्तात दिसतात. त्यांना स्टॅबिलायझेशन नाही, फोकस हळू आहे आणि २०० मिमीच्या पुढे कडांना जांभळट-हिरवट झालर येते. फुलं, किडे असे जवळचे विषय टिपायला त्यांचा निम्म्या आकारापर्यंतचा मॅक्रो उपयोगी पडतो. लांबच्या विषयासाठी त्या घेऊ नयेत. डीएसएलआरवर (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यावर) एक लेन्स मात्र आवर्जून पाहावी अशी आहे: २०१० साली आलेली टॅमरॉन एसपी ७०-३०० एफ/४-५.६ डीआय व्हीसी यूएसडी. तिचं स्टॅबिलायझेशन इतकं पक्कं बसतं की व्ह्यूफाइंडरमधलं दृश्य जागच्या जागी थांबल्यासारखं वाटतं. मिररलेससाठी (आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांसाठी) टॅमरॉनची ७०-३०० एफ/४.५-६.३ डीआय थ्री आरएक्सडी आहे, सोनी ई आणि निकॉन झेड माउंटमध्ये (माउंट म्हणजे लेन्स बॉडीला जोडणारं कडं). सोनीची ५४५ ग्रॅमची आहे आणि टोकाला चांगली आहे, पण हिच्यात स्टॅबिलायझेशन नाही. बॉडीत स्टॅबिलायझेशन असेल तरच घ्या. सोनी ए६४०० किंवा निकॉन झेड५०सारख्या बॉडीत ते नाही, तिथे संध्याकाळच्या उजेडात ही लेन्स हातात धरून वापरणं कठीण जातं.

१००-४००च्या वर्गापासून थर्ड पार्टीचं पारडं जड होतं. २०१७ साली सिग्माची १००-४०० एफ/५-६.३ कंटेम्पररी आणि टॅमरॉनची १००-४०० एफ/४.५-६.३ व्हीसी यूएसडी अशा दोन लेन्स डीएसएलआरसाठी आल्या. दोन्ही ११०० ते ११६० ग्रॅमच्या, दोन्हींना ६७ मिमीचा फिल्टर लागतो, दोन्ही दिवसभर गळ्यात वागवता येतात. निवड करताना ट्रायपॉड कॉलर (लेन्स ट्रायपॉडवर बसवायचं कडं) पाहा: टॅमरॉनला तो वेगळा विकत घेऊन लावता येतो, सिग्माच्या या डीएसएलआर आवृत्तीला लावण्याची सोयच नाही. सिग्माची मिररलेससाठीची १००-४०० डीजी डीएन २०२० साली आली, तिला मात्र कॉलर जोडता येतो. ती सोनी ई, एल (सिग्मा, पॅनासॉनिक, लायका यांचं) आणि नंतर फुजी एक्स माउंटमध्येही मिळू लागली. टॅमरॉनची ५०-४०० एफ/४.५-६.३ (२०२२, सोनी ई) प्रवासात एकच लेन्स न्यायची असेल तर फार सोयीची आहे.

१५०-६००चा वर्ग ही या दोन कंपन्यांची हुकमी जागा. टॅमरॉनची दुसरी आवृत्ती, म्हणजे जी२, २०१६ साली आली. सिग्माच्या डीएसएलआरसाठी दोन आहेत: कंटेम्पररी सुमारे १.९ किलो, ९५ मिमी फिल्टर. स्पोर्ट्स जवळजवळ २.९ किलो, १०५ मिमी फिल्टर. स्पोर्ट्सची बांधणी जास्त मजबूत आहे आणि धूळ-पाण्यापासून तिला अधिक संरक्षण आहे. पण एक किलो जास्त म्हणजे हातात धरून उडते पक्षी टिपताना दहा मिनिटांत मनगट बोलायला लागतं. ट्रायपॉडवर काम करणार नसाल तर कंटेम्पररी किंवा टॅमरॉन जी२ घ्या. टॅमरॉनची पहिली आवृत्ती जुन्या बाजारात स्वस्त मिळते आणि ५०० मिमीपर्यंत ती समाधानकारक आहे; ५०० ते ६०० मध्ये एफ/८ ला बंद केल्याशिवाय तिच्याकडून पिसांचे तपशील मागू नका. सोनी ई, फुजी एक्स आणि निकॉन झेडसाठी टॅमरॉन १५०-५०० एफ/५-६.७ ही ५००ला थांबणारी पण आटोपशीर लेन्स आहे. १५० मिमीला ती ६० सेंटिमीटरपर्यंत जवळ फोकस करते, त्यामुळे फुलपाखरं आणि चतुर यांच्यासाठीही चालते. सिग्मा कंटेम्पररीचं किमान अंतर २.८ मीटर आहे, हे त्याशेजारी ठेवून पाहा.

सभागृह, रंगमंच, दिव्यांखालचे सामने यांसाठी या सगळ्या लेन्स अपुऱ्या पडतात. तिथे एफ/२.८ लागतं. डीएसएलआरसाठी वापरलेली ७०-२०० एफ/२.८ (टॅमरॉन जी२ किंवा सिग्माची स्टॅबिलायझेशन असलेली) आणि सोनीसाठी टॅमरॉन ७०-१८० एफ/२.८ हे पर्याय पाहा.

दोन प्रकार सरळ नाकारावेत. एक, वेगवेगळ्या नावांनी विकली जाणारी ४२०-८०० एफ/८.३-१६ लेन्स आणि तिची ६५०-१३०० भावंडं. यांना ऑटोफोकस नाही, बॉडीशी विद्युत संपर्क नाही आणि ८००ला अ‍ॅपर्चर एफ/१६ आहे. एफ/५.६च्या तुलनेत तिथे तीन स्टॉप प्रकाश कमी येतो (एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा). जिथे आयएसओ (सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता) ८०० पुरला असता तिथे ६४०० लागतो. त्यासोबत फुकट मिळणारा दुप्पट करणारा कन्व्हर्टर लावला तर एफ/३२. दोन, लेन्सच्या पुढे फिल्टरसारखे बसवायचे दुपटीचे भिंगाचे तुकडे. त्यांनी फोटो खराबच होतो.

१८-३०० किंवा १८-४०० अशा लांबलचक झूम लेन्स वाईट नाहीत, पण टेलिफोटो म्हणून घेऊ नयेत. त्या टोकाला मऊ असतात. शिवाय जवळच्या विषयावर फोकस केल्यावर त्यांची प्रत्यक्ष फोकल लेंथ बरीच घटते, त्यामुळे पाच मीटरवरचा पक्षी ४००ला दिसायला हवा तेवढा मोठा दिसतच नाही.

माउंट आणि बॉडीचं जुळणं

सर्वांत जास्त पैसे वाया जातात ते इथे. लेन्स बसते म्हणजे ती पूर्ण चालते असं नाही.

आधी नावातली अक्षरं वाचायला शिका. सिग्मामध्ये डीजी म्हणजे फुल फ्रेम, डीसी म्हणजे क्रॉप सेन्सर, आणि पुढे डीएन असेल तर मिररलेससाठी. टॅमरॉनमध्ये डीआय म्हणजे फुल फ्रेम डीएसएलआर, डीआय टू म्हणजे क्रॉप डीएसएलआर, डीआय थ्री म्हणजे मिररलेस. ओएस आणि व्हीसी म्हणजे स्टॅबिलायझेशन. एचएसएम, यूएसडी, व्हीएक्सडी, आरएक्सडी या फोकस मोटरी. जुन्या लेन्सच्या नावात यांपैकी काहीच नसेल तर मोटर साधी असेल किंवा लेन्समध्ये मोटरच नसेल.

हा शेवटचा मुद्दा निकॉनवाल्यांसाठी. डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या बॉडींमध्ये फोकस फिरवणारी मोटर नाही, डीएसएलआर लेन्स झेड बॉडीवर बसवणाऱ्या एफटीझेड अ‍ॅडॉप्टरमध्येही नाही. मोटर नसलेली जुनी लेन्स त्यांवर लावली तर फोकस हाताने करावा लागेल. ओळखायची खूण सोपी आहे: मागच्या धातूच्या कड्यावर स्क्रू ड्रायव्हरचं टोक बसेल अशी छोटी खाच फिरताना दिसली, तर ती बॉडीच्या मोटरवर चालणारी लेन्स. टॅमरॉनच्या जुन्या ७०-३०० मॅक्रोच्या मोटर असलेल्या आणि नसलेल्या अशा दोन्ही आवृत्त्या बाजारात फिरतात, त्यामुळे फक्त नाव वाचून व्यवहार करू नका. मागच्या बाजूचा फोटो मागवा.

कॅननच्या आरएफ माउंटसाठी सिग्मा आणि टॅमरॉनच्या ऑटोफोकस लेन्स २०२४ साली यायला लागल्या, आणि त्याही क्रॉप सेन्सरसाठीच्या. लांब टेलिफोटोसाठी आर मालिकेवर सरळ वाट म्हणजे ईएफ माउंटची वापरलेली १००-४०० किंवा १५०-६०० आणि कॅननचा ईएफ-ईओएस आर अ‍ॅडॉप्टर. त्यात काच नसते, त्यामुळे धार कमी होत नाही. हे सगळं जोडून जड वाटत असेल तर कॅननची स्वतःची आरएफ १००-४०० एफ/५.६-८ फक्त ६३५ ग्रॅमची आहे. एफ/८ ऐकून दचकायला होतं, पण चांगल्या उजेडात ती फार छान काम करते आणि मिररलेसचा ऑटोफोकस एफ/८वर अडत नाही.

सोनीवर थर्ड पार्टी लेन्सचे दोन अडथळे आहेत. टेलिकन्व्हर्टर (फोकल लेंथ वाढवणारा जोड) बसत नाही, आणि ए९ किंवा ए१सारख्या बॉडीवर सलग फोटोंचा वेग सेकंदाला १५ वर थांबतो. साध्या बॉडीचा वेग मुळातच तेवढा नसतो, त्यामुळे दुसऱ्याची काळजी बहुतेकांनी करायची गरज नाही. सिग्माच्या १५०-६०० डीजी डीएन स्पोर्ट्सची एल माउंट आवृत्ती मात्र सिग्माच्या टेलिकन्व्हर्टरसोबत चालते.

जुनी डीएसएलआर लेन्स अ‍ॅडॉप्टरने मिररलेसवर लावायची असेल तर फर्मवेअरचा (लेन्समधल्या सॉफ्टवेअरचा) प्रश्न येतो. बॉडी नवी, लेन्स जुनी, त्यामुळे कधी फोकस मागेपुढे घसरत राहतो, कधी लेन्स ओळखलीच जात नाही. सिग्माच्या डीएसएलआर लेन्सचं फर्मवेअर यूएसबी डॉकने (लेन्स कॉम्प्युटरला जोडणाऱ्या उपकरणाने) बदलतं, टॅमरॉनच्या जी२ पिढीच्या लेन्सचं टॅप-इन कन्सोलने. डॉक माउंटनुसार वेगळा असतो, कॅननचा डॉक निकॉनच्या लेन्सला बसत नाही. यापेक्षा जुन्या लेन्सना डॉकची सोय नाही. त्यांचं काम सर्व्हिस सेंटरमध्येच होतं, तेही कंपनीने त्या लेन्ससाठी अपडेट काढलं असेल तरच. म्हणून वापरलेली लेन्स घेताना विकणाऱ्याला ती कोणत्या बॉडीवर वापरत होता हे विचारा, आणि शक्य असेल तर स्वतःची बॉडी घेऊन जा.

अ‍ॅपर्चर, स्टॅबिलायझेशन आणि शटर

एफ/५.६ आणि एफ/६.३ मध्ये एक तृतीयांश स्टॉपचाच फरक आहे, त्यावरून लेन्स नाकारू नका. डीएसएलआरवर मात्र टेलिकन्व्हर्टरचा विचार सोडून द्या. एफ/६.३ ला १.४ पटीचा कन्व्हर्टर लावला की एफ/९ होतं, आणि डीएसएलआरचा ऑटोफोकस एफ/५.६ पर्यंत, फार तर काही बॉडींमध्ये मधल्या बिंदूंवर एफ/८ पर्यंत चालतो.

स्टॅबिलायझेशन हाताचा कंप आवरतं. विषयाची हालचाल ते थांबवत नाही. बसलेल्या पक्ष्यासाठी ते असल्यास ४०० मिमीला १/१२५ सेकंदावरही काही फोटो जमतात, पण पक्ष्याने मान हलवली की तो पुसट येणारच. सुरुवातीला हे आकडे धरा: स्टॅबिलायझेशन नसेल तर शटर स्पीड फोकल लेंथ गुणिले क्रॉप फॅक्टर (क्रॉप सेन्सरला साधारण १.५), म्हणजे क्रॉप सेन्सरवर ३००ला १/५००. बसलेला पक्षी १/५०० ते १/१०००. धावणारा खेळाडू १/१०००. उडणारा पक्षी १/२००० किंवा त्याहून जलद. अ‍ॅपर्चर एफ/७.१ ते एफ/८, आयएसओ ऑटोवर. दाणेदार फोटो नंतर सुधारता येतो, हललेला येत नाही. नवखे लोक आयएसओ वाढवायला घाबरतात आणि मग मऊ फोटोंचा दोष लेन्सला देतात.

हातात घेतल्यावर काय पाहायचं

झूमची रिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत किती फिरवावी लागते ते पाहा. १५०-६०० मध्ये बऱ्याचदा हात दोनदा बदलावा लागतो. सिग्माच्या डीएसएलआर लेन्सची रिंग कॅननच्या दिशेने आणि टॅमरॉनची निकॉनच्या दिशेने फिरते, त्यामुळे उलट जोडी घेतली तर पहिले काही दिवस पक्षी जवळ आणायच्या घाईत तो लांब जातो. सवय होते, पण दोन लेन्स सतत बदलत वापरणाऱ्याला हे खटकत राहतं.

लेन्स तोंड खाली करून धरा. नळी आपल्या वजनाने घसरत बाहेर आली तर लॉकचा खटका आहे का आणि तो घट्ट बसतो का, हे पाहा. थोडं घसरणं वापरलेल्या लेन्समध्ये चालून जातं. ट्रायपॉडवर चंद्राकडे रोखल्यावर मात्र तीच नळी हळूहळू आत यायला लागते आणि फोटो हलतो.

पुढे संरक्षणासाठी स्वस्त यूव्ही फिल्टर लावण्याचा सल्ला खूप मिळतो. टेलिफोटोवर तो ऐकू नका. लांब फोकल लेंथला फिल्टरच्या काचेतला बारीकसा दोषही मोठा होऊन दिसतो आणि फोकस पक्का बसत नाही. हुड (लेन्सच्या तोंडावर बसणारी नळकांडी) कायम लावून ठेवा. तो बाजूचा प्रकाशही अडवतो आणि धक्काही.

वापरलेली लेन्स तपासताना

दोन्ही झाकणं काढा, मागून मोबाइलचा टॉर्च तिरका लावा आणि पुढून पाहा. धुळीचे पाच-दहा कण कुठल्याही झूममध्ये असतात, फोटोत दिसत नाहीत. कोळ्याच्या जाळ्यासारखे फाटे दिसले तर ती बुरशी. काचेवर सारखा धुरकट थर दिसला तर वंगण उडून बसलेलं किंवा काचांचा जोड सुटत चाललेला. दोन्ही बाबतीत घेऊ नका. माउंटवरच्या स्क्रूंच्या डोक्यांवर ओरखडे असतील तर लेन्स कधीतरी उघडली गेली आहे.

यानंतरची चाचणी बहुतेक जण करत नाहीत, आणि तिथेच फसतात. लेन्स बॉडीवर लावा, अ‍ॅपर्चर एफ/११ ठेवा आणि सर्वांत कमी, मधल्या तीन-चार आणि सर्वांत जास्त फोकल लेंथला एकेक फोटो काढा. झूम लेन्समध्ये अ‍ॅपर्चरपर्यंत जाणारी पातळ केबल प्रत्येक वेळी रिंग फिरवली की वाकते आणि वर्षांनी चिरते. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवून काढलेल्या फोटोत पाती हलतच नाहीत, त्यामुळे हा बिघाड लपून राहतो. एफ/११ला ती मिटायला जातात आणि ठरावीक झूमवर कॅमेरा अडतो. कॅनन बॉडीवर सहसा एरर ०१ दिसतो. असं झालं तर लेन्स ठेवून घरी या.

स्टॅबिलायझेशनसाठी टोकाला १/६० सेकंद शटर ठेवून हातात धरून दहा फोटो ते चालू असताना आणि दहा बंद असताना काढा. चालू असलेले ठळकपणे बरे नसतील, किंवा शटर अर्धं दाबल्यावर दृश्य सतत थरथरत असेल, तर यंत्रणा बिघडली आहे.

नवी असो वा जुनी, धार कशी तपासावी

सकाळी लवकर, जमीन तापायच्या आत. ट्रायपॉडवर कॅमेरा, स्टॅबिलायझेशन बंद, दोन सेकंदांचा टायमर, आयएसओ १००, लेन्स टोकाला, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं. वीसेक मीटरवर बारीक अक्षरांची पाटी किंवा विटांची भिंत निवडा.

१. एकच बारीक तपशील फ्रेमच्या मध्यभागी घ्या, लाइव्ह व्ह्यूमध्ये (मागच्या स्क्रीनवर पाहून) फोकस करून फोटो काढा.

२. कॅमेरा किंचित वळवून तोच तपशील आळीपाळीने चारही कोपऱ्यांत आणा. प्रत्येक ठिकाणी पुन्हा फोकस करा. पुन्हा फोकस न केल्यास लेन्सच्या फोकसच्या पातळीचा बाक आणि खरा दोष यांतला फरक कळत नाही.

३. स्क्रीनवर १०० टक्के मोठं करून चारही कोपरे एकमेकांशी ताडून पाहा. मध्यभागाशी तुलना नको. कोपरे थोडे मऊ असणारच. तीन कोपरे सारखे आणि एक स्पष्टपणे पुसट असेल तर आतली एखादी काच केंद्रापासून सरकलेली आहे. याला घरी उपाय नाही, लेन्स बदलून घ्या.

४. डीएसएलआरवर आता व्ह्यूफाइंडरमधून फोकस करून दहा फोटो काढा, दर वेळी आधी फोकसची रिंग फिरवून तो बिघडवा. लाइव्ह व्ह्यूचे फोटो धारदार आणि हे सगळे सारखेच मऊ असतील तर लेन्स पुढे किंवा मागे फोकस करते आहे. हे बॉडीतल्या एएफ फाइन ट्यूनने (फोकस पुढेमागे सरकवण्याच्या सेटिंगने) सुधारतं. प्राथमिक बॉडींमध्ये ती सोय नसते. तिथे सिग्माचा डॉक उपयोगी येतो, त्यात चार फोकल लेंथ आणि चार अंतरं अशा १६ ठिकाणी दुरुस्ती करता येते. दहांपैकी काही धारदार, काही पुढे, काही मागे असे विखुरलेले आले तर दुरुस्तीने काही होणार नाही. मिररलेसमध्ये फोकस सेन्सरवरच मोजला जात असल्याने हा पुढेमागेचा प्रश्न उरत नाही.

५. कॅनन बॉडीवर सिग्मा लेन्स असेल तर बॉडीतलं लेन्स करेक्शन बंद करून पाहा. बॉडी तिला भलतीच लेन्स समजून दुरुस्ती करते तेव्हा फोटोत गोल कडी उमटतात. लोक तो काचेचा दोष समजतात.

या चाचण्यांत लेन्स उत्तीर्ण झाली आणि बाहेरचे फोटो तरी मऊ येत असतील तर आधी हवेकडे पाहा. दुपारी तापलेली जमीन, डांबरी रस्ता, पाण्याचा काठ यांवरून उठणारी हवा ५०-६० मीटरवरच्या विषयाची धार पार घालवते. ट्रायपॉडवरून सलग दहा फोटो काढा. सरळ कडा प्रत्येकात वेगवेगळी वाकलेली दिसली तर दोष हवेचा. गाडीच्या खिडकीतून काढत असाल तर इंजिन बंद करा आणि आतली-बाहेरची हवा सारखी होईपर्यंत काच खाली ठेवून थांबा. मग शटर स्पीड तपासा, मग फोकसचा बिंदू: मोठ्या क्षेत्राचा ऑटोफोकस पक्ष्याऐवजी पुढची फांदी पकडतो, म्हणून एकच बिंदू डोळ्यावर ठेवा. ट्रायपॉडवर असताना स्टॅबिलायझेशन बंद केलंत का, तेही पाहा. काही लेन्समध्ये ते चालू राहिलं तर स्वतःच दृश्य हलवत राहतं.

हे सगळं परत करण्याची मुदत संपायच्या आत करायचं आहे, म्हणून लेन्स अशा वेळी घ्या जेव्हा पुढचे चार-पाच दिवस सकाळी हाताशी तासभर असेल. त्या दिवसांत कोपऱ्यांची चाचणी दोनदा करा, वेगवेगळ्या सकाळी. दोन्ही वेळा तोच कोपरा पुसट आला तर विक्रेत्याला पाचही फोटो मूळ फाइलसकट दाखवा आणि त्याच मॉडेलची दुसरी लेन्स मागा. एकाच मॉडेलच्या दोन लेन्समध्ये फरक असतो, आणि दुसरी बऱ्याचदा चांगली निघते.